पीडीएफ कशात उघडता? ऑफिस आणि घरच्या कॉम्प्युटरसाठी सविस्तर पद्धत

सांगलीतल्या एका कर-सल्लागारांच्या ऑफिसात सहा कॉम्प्युटर बघायला गेलो होतो. तक्रार साधी होती: पुढच्या टेबलावरचं मशीन हळू चालतं. सहज एका पीडीएफवर राइट क्लिक करून ‘ओपन विथ’वर बाण नेला, तर पाच नावांची यादी खाली उतरली. अ‍ॅडोबी रीडर इलेव्हन, त्याच्याखाली नवा अ‍ॅक्रोबॅट रीडर, एक फुकटातला रीडर, स्कॅनरच्या सीडीतून आलेला एक, आणि एक ‘कन्व्हर्टर’. तो कोणी टाकला ते कोणालाच आठवत नव्हतं. डबल क्लिक केल्यावर फाईल उघडत होती ती इलेव्हनमध्ये.

“मॅडम, हा जुना अजून का ठेवलाय?”

“अहो सर, एक फॉर्म फक्त त्याच्यातच उघडायचा. तेव्हापासून राहिलाय. काढू नका हं, मार्चमध्ये लागला तर?”

तो फॉर्म बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. आणि रीडर इलेव्हनचा सपोर्ट अ‍ॅडोबीने १५ ऑक्टोबर २०१७ लाच संपवला होता. अँटीव्हायरस मात्र नवाकोरा, पैसे भरून घेतलेला.

हे चित्र मला सगळीकडे दिसतं. विंडोजचे अपडेट लोक आता नाइलाजाने का होईना घेतात, पण पीडीएफ वाचणाऱ्या सॉफ्टवेअरकडे कोणाचं लक्ष नसतं. खरं तर दिवसभरात बाहेरून येणारं सगळं त्याच्याच तोंडात जातं: नोटिसा, बिलं, बँकेची स्टेटमेंटं, भाडेकराराचे मसुदे, कोणाचा तरी बायोडेटा. म्हणून मी हल्ली कुठल्याही ऑफिसात गेलो की खाली दिलेल्या क्रमाने काम करतो. एका मशीनला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो.

बिघाड नेमका कुठे असतो

पीडीएफ आपल्याला कागदासारखी दिसते, पण ती कागदासारखी ‘असते’ असं समजलं की सगळं चुकतं. फाईलमध्ये सूचना असतात: इथे हा फॉण्ट घ्या, इथे हे चित्र उलगडा, हा चौकोन भरला की ही बेरीज करा. रीडर त्या सूचना वाचून पान रंगवतो. सूचना लिहिणारा बाहेरचा माणूस, त्या पाळणारं सॉफ्टवेअर आपलं. तिढा इथेच आहे.

एकच उदाहरण जवळून बघू. झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन केलेली पानं लहान आकारात बसावीत म्हणून जेबिग-टू नावाची एक पद्धत पीडीएफमध्ये वापरतात. ती जुन्या छापखान्यातल्या खिळ्यांसारखी चालते. पानावर एकच अक्षर दोनशे वेळा आलं तर त्याचा ठसा एकदाच साठवायचा आणि दोनशे ठिकाणी ‘इथे तो ठसा लाव’ असं लिहायचं. फाईल उघडताना सॉफ्टवेअर आधी एकूण ठसे किती ते मोजतं आणि तेवढी जागा मेमरीत राखून ठेवतं. आता ही मोजणी ज्या खान्यात होते त्याला मर्यादा आहे. सुमारे ४२९ कोटींच्या पुढे आकडा गेला की जुन्या वीजमीटरचा काटा फिरून पुन्हा शून्यावर यावा तसं होतं. हल्लेखोर मुद्दाम असे आकडे लिहितो की बेरीज फिरून अगदी लहान येते. सॉफ्टवेअर लहानशी जागा राखतं आणि त्यात भलामोठा माल ओततं. तो बाहेर सांडतो, शेजारच्या मेमरीवर लिहिला जातो, आणि तिथे काय लिहायचं हे हल्लेखोराने ठरवलेलं असतं.

ही गोष्ट काल्पनिक नाही. हेरगिरीचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या इस्रायलच्या एनएसओ ग्रुपने याच प्रकारच्या चुकीवर २०२१ मध्ये आयफोन फोडले. फाईलच्या नावात ‘जिफ’ म्हणजे चित्राचं शेपूट होतं, आत पीडीएफ होती, आणि फोनच्या मालकाने काहीच उघडलं नव्हतं. नुसता मेसेज येऊन पडणं पुरेसं होतं. टोरंटोच्या सिटिझन लॅब या संशोधन संस्थेने ते पकडलं आणि अ‍ॅपलने १३ सप्टेंबर २०२१ ला दुरुस्ती दिली. त्याआधी २००९ मध्ये अ‍ॅडोबी रीडरमध्येही जेबिग-टू वाचणाऱ्या भागातच दोष निघाला होता. फेब्रुवारीत अ‍ॅडोबीने तो मान्य केला, दुरुस्ती आली १० मार्चला, आणि मधल्या काळात हल्ले चालूच होते. कोड वेगळा, कंपनी वेगळी, तरी ठेच त्याच दगडाला.

यातून कामाची गोष्ट एवढीच घ्यायची की फाईल ‘ओळखीच्या माणसाकडून आलीय’ हे पुरेसं नाही. त्याचं ईमेल खातं दुसऱ्याच्या हातात गेलेलं असू शकतं. उघडणारं सॉफ्टवेअर कोणतं आहे, किती ताजं आहे आणि त्याला किती मोकळीक दिलीय, या तीन गोष्टी आपल्या हातात असतात. पुढचं सगळं त्यासाठीच.

पहिलं काम: मोजदाद आणि साफसफाई

सेटिंग्ज उघडा, ‘अ‍ॅप्स’मध्ये ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’ पाहा. विंडोज १० मध्ये हेच ‘अ‍ॅप्स अँड फीचर्स’ या नावाने आहे. सर्चच्या चौकटीत आधी पीडीएफ, मग रीडर, मग कन्व्हर्टर असे शब्द टाकून काय काय निघतं ते कागदावर लिहून घ्या. प्रत्येक नावासमोर एकच प्रश्न: हे कोण, कशासाठी वापरतं? ऑफिसात मोठ्याने विचारा. उत्तर आलं नाही तर काढून टाका.

रीडर इलेव्हन किंवा त्याहून जुनं काहीही असेल तर ते उत्तर आलं तरी काढा. स्कॅनर-प्रिंटरबरोबर आलेले रीडरही काढा, स्कॅनिंगचा ड्रायव्हर तेवढा ठेवा. ‘फुकट कन्व्हर्टर’ हा प्रकार मला सर्वात जास्त खटकतो, कारण त्याचे अपडेट कोणी बनवतं की नाही हेच समजत नाही.

आता एक नाजूक विषय. डीटीपीच्या दुकानांमध्ये आणि छापखान्यांमध्ये क्रॅक केलेला अ‍ॅक्रोबॅट प्रो सर्रास असतो. नैतिकतेचं प्रवचन बाजूला ठेवू. क्रॅक टिकावा म्हणून अ‍ॅडोबीच्या सर्व्हरशी संपर्कच तोडलेला असतो, म्हणजे दुरुस्त्याही येत नाहीत. बाहेरच्या गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधल्या शेकडो पीडीएफ नेमक्या त्याच मशीनवर उघडतात. पानं जोडणं-तोडणं एवढंच काम असेल तर फुकटची, उघड्या कोडची, नियमित अपडेट होणारी साधनं पुरतात.

दुसरं काम: नुसतं वाचायला ब्राउझर

माझं मत स्पष्ट आहे. दहातल्या नऊ पीडीएफ आपल्याला फक्त वाचायच्या किंवा छापायच्या असतात, आणि त्यासाठी वेगळा रीडर लागत नाही. क्रोम, एज किंवा फायरफॉक्स पुरेसा आहे.

याचं कारण ब्राउझर निर्दोष आहेत असं नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये फायरफॉक्सच्या पीडीएफ व्ह्यूअरमधल्या दोषाचा वापर करून लोकांच्या कॉम्प्युटरवरच्या फाईली चोरल्या जात होत्या. मे २०२४ मध्ये त्याच्याच फॉण्ट हाताळणाऱ्या भागात आणखी एक दोष निघाला, तो १२६ व्या आवृत्तीत बुजवला. फरक इथे आहे की ब्राउझर जन्मापासूनच परक्या गोष्टी उघडण्यासाठी बनलेला असतो. पान रंगवणारा भाग तो एका बंद खोलीत चालवतो, ज्याला सँडबॉक्स म्हणतात. आणि दुरुस्ती आली की ती आपल्याला न विचारता उतरते. ऑफिसातला रीडर वर्षभर कोणी बघत नाही, ब्राउझर मात्र रोज उघडतो-मिटतो आणि त्यात ताजा होतो.

करायचं असं: सेटिंग्ज, मग ‘अ‍ॅप्स’, मग ‘डिफॉल्ट अ‍ॅप्स’. वरच्या चौकटीत टिंब देऊन पीडीएफ हे एक्स्टेन्शन टाका आणि समोर येणाऱ्या नावावर क्लिक करून ब्राउझर निवडा. पुढच्या वेळी अ‍ॅक्रोबॅट रीडर उघडला की तो ‘मला डिफॉल्ट करा’ म्हणून विचारेल. नको म्हणा, आणि पुन्हा विचारू नये ही टिक करा.

दोन कामांना ब्राउझर अपुरा पडतो. एक, डिजिटल स्वाक्षरीची हिरवी खूण बघणं. दोन, जुन्या धाटणीचे एक्सएफए फॉर्म. हे क्रोममध्ये उघडले की ‘प्लीज वेट’ एवढंच लिहिलेलं एक पान दिसतं आणि ते कधीच हलत नाही. फायरफॉक्स ९३ व्या आवृत्तीपासून असे बरेच फॉर्म उघडतो, त्यामुळे आधी तिथे करून बघा. नाही जमलं तर अ‍ॅक्रोबॅट रीडर, पण तो आधी नीट बांधून.

तिसरं काम: अ‍ॅक्रोबॅट रीडर बांधणं

इथे जरा वेळ द्या. रीडर उघडून कंट्रोल आणि के एकत्र दाबा, ‘प्रेफरन्सेस’ची चौकट येते. डावीकडे लांबलचक यादी आहे, त्यातल्या तीनच ओळींकडे जायचंय.

‘जावास्क्रिप्ट’ या ओळीवर ‘एनेबल अ‍ॅक्रोबॅट जावास्क्रिप्ट’ची टिक काढा. पीडीएफच्या आत प्रोग्राम चालू शकतो हेच मुळात अनेकांना माहीत नसतं. डिसेंबर २००९ मध्ये निघालेला एक मोठा दोष थेट याच जावास्क्रिप्टमधून वापरला गेला आणि त्याची दुरुस्ती यायला १२ जानेवारी २०१० उजाडली. त्या महिन्याभरात ज्यांनी ही एक टिक काढली होती त्यांच्यावर तो वार चालत नव्हता. टिक काढल्याने बिघडतं काय? ज्या फॉर्ममध्ये आपोआप बेरजा होतात तिथे वर पिवळी पट्टी येते. फॉर्म तुम्ही स्वतः सरकारी संकेतस्थळावरून उतरवला असेल तर त्या पट्टीतून ‘फक्त एकदा’ परवानगी द्या. ‘नेहमीसाठी’ देऊ नका. जेबिग-टूसारखे दोष मात्र ही टिक काढून पूर्णपणे थांबत नाहीत, कारण तिथे गफलत चित्र उलगडण्यात असते. म्हणून पुढची ओळ.

‘सिक्युरिटी (एन्हान्स्ड)’ या ओळीवर सर्वात वर ‘प्रोटेक्टेड मोड’ आहे. हा रीडरचा सँडबॉक्स, नोव्हेंबर २०१० मध्ये रीडर टेनबरोबर आला. टिक असायलाच हवी. ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’ खाली ‘संशयास्पद ठिकाणच्या फाईली’ हा मधला पर्याय निवडा. ज्या टेबलावर बाहेरची माणसं येऊन पेनड्राइव्ह देतात तिथे मी ‘सर्व फाईली’ निवडतो, कितीही कुरकुर झाली तरी. ‘एन्हान्स्ड सिक्युरिटी’ची टिक ठेवा. त्याच्या खालची विश्वासू फोल्डरांची यादीही नजरेखालून घाला. एका ठिकाणी मला त्यात अख्खा डी ड्राइव्ह सापडला होता.

कधी कधी रीडर उघडताना एक चौकट येते की तुमच्या सिस्टीमशी जुळत नसल्यामुळे प्रोटेक्टेड मोडमध्ये उघडता येत नाही, काय करू? तिथे ‘नेहमीसाठी बंद करून उघडा’ असाही पर्याय असतो, आणि घाईत सगळे तोच दाबतात. एकदा दाबला की खोलीचं दार कायमचं उघडं. अशी चौकट आली तर जुना अँटीव्हायरस किंवा नेटवर्कवरचं फोल्डर हे कारण असू शकतं. ते शोधा, मोड बंद करू नका.

सँडबॉक्स फुटत नाही असं नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये रीडर इलेव्हनचा फुटला. मार्च २०१८ मध्ये सापडलेल्या एका फाईलमध्ये दोन दोष जोडले होते, एक रीडरमधला आणि एक विंडोजमधला, कारण पहिल्याने खोलीत शिरता येत होतं पण बाहेर पडायला दुसरा लागत होता. म्हणूनच विंडोजचे अपडेट हे पीडीएफच्या सुरक्षेचाही भाग आहेत.

तिसरी ओळ ‘ट्रस्ट मॅनेजर’. पीडीएफच्या पोटात दुसरी फाईल लपवता येते. तिला बाहेरच्या प्रोग्रामने उघडू द्यायची टिक इथे असते, ती काढा. दुसरा कुठला रीडर वापरत असाल तर हीच तीन कलमं त्याच्या सेटिंगमध्ये शोधा. इशाऱ्याच्या चौकटीत एन्टर दाबायच्या आधी कुठलं बटण आधीच निवडलेलं आहे तेही बघा. २०२४ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की फॉक्सिट या पीडीएफ रीडरच्या इशाऱ्यांमध्ये ‘ओके’ आणि ‘ओपन’ हीच बटणं आधीपासून निवडलेली होती. दोनदा एन्टर, की बाहेरचा आदेश चालू.

हिरवी खूण आणि ती चार टिकांची चौकट

महाराष्ट्रात अ‍ॅक्रोबॅट रीडर ठेवायचं सर्वात मोठं कारण म्हणजे डिजिटल सातबारा आणि ई-आधार. स्वाक्षरीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह आणि ‘व्हॅलिडिटी अननोन’ दिसतं, बँकेतला माणूस हिरवी खूण मागतो, मग सेतू केंद्रातला मुलगा पटापट दहा क्लिक करून ती आणून देतो. त्या दहा क्लिकांमध्ये काय होतं ते नीट बघू.

स्वाक्षरीवर राइट क्लिक, ‘शो सिग्नेचर प्रॉपर्टीज’, मग ‘शो सायनर्स सर्टिफिकेट’. डावीकडे सर्टिफिकेटांची उतरंड दिसते. भारतातल्या परवानाधारक स्वाक्षऱ्यांच्या उतरंडीत सर्वात वर ‘सीसीए इंडिया’ असतं. तेच निवडून ‘ट्रस्ट’ टॅबमध्ये ‘अ‍ॅड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स’ दाबायचं. मग जी चौकट येते तिच्यात सगळी गोम आहे. वर ‘ट्रस्टेड रूट’ची टिक असते, ती हवी. खाली ‘सर्टिफाइड डॉक्युमेंट्स’ आणि त्याच्या पोटात आणखी तीन: डायनॅमिक कन्टेन्ट, एम्बेडेड हाय प्रिव्हिलेज जावास्क्रिप्ट, आणि प्रिव्हिलेज्ड सिस्टीम ऑपरेशन्स. मी बघितलेले बहुतेक जण चारही ठोकून देतात, ‘म्हणजे नंतर अडायला नको’. हिरव्या खुणेसाठी त्या पोटातल्या तिन्हींची काहीही गरज नाही. टिक केल्यावर त्या उतरंडीखालच्या कोणाच्याही प्रमाणित फाईलला तुम्ही जास्तीच्या अधिकारांची जावास्क्रिप्ट चालवायची, नेटवर्कवर जायची, फाईलींना हात लावायची मुभा देता. मघाशी काढलेली टिक मागच्या दाराने परत आत.

आणखी एक. हा विश्वास कोणत्या फाईलवरून दिला तेही महत्त्वाचं. सर्टिफिकेटवर ‘सीसीए इंडिया’ असं नाव कोणीही घरी बसून घालू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या सातबाऱ्यावरून कधीही विश्वास देऊ नका. स्वतः सरकारी संकेतस्थळावरून उतरवलेल्या फाईलवरून एकदाच द्या. आणि खरेदीखतासारखा व्यवहार असेल तर हिरव्या खुणेवर न थांबता उताऱ्यावरचा पडताळणी क्रमांक महाभूमीच्या संकेतस्थळावर टाकून बघा.

चौथं काम: वर्ड, एक्सेल आणि ती पिवळी पट्टी

त्याच ऑफिसातल्या मॅडमना विचारलं, “मेलमधून आलेली वर्डची फाईल उघडली की वर पिवळी पट्टी येते, तेव्हा काय करता?”

“एनेबल दाबते. ते दाबल्याशिवाय प्रिंट कुठे येते?”

बरोबर आहे त्यांचं. प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये छापता येत नाही, म्हणून माणूस दार उघडतो. पण त्या पट्टीच्या अलीकडे बरेच जुने दोष अडून बसलेले असतात. ऑफिसबरोबर गणिती समीकरणं लिहायला एक छोटा प्रोग्राम यायचा, इक्वेशन एडिटर. २००० साली बनवलेला तो तसाच पडून राहिला. सतरा वर्षांनी, नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यातला दोष बाहेर आला, आणि जानेवारी २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो प्रोग्रामच काढून टाकला. जुन्या ऑफिसवर तो आजही असतो आणि हल्लेखोर आजही त्याच्यासाठी फाईली बनवतात.

छपाईचा तोडगा मी असा काढून दिला: फाईल जीमेलमध्येच प्रीव्ह्यू करायची आणि तिथूनच प्रिंट द्यायची. मसुदा बदलायचा असेल, आणि पाठवणाऱ्याशी फोनवर बोलणं झालं असेल, तरच एनेबल.

सेटिंग बघायचं तर ‘फाईल’, ‘ऑप्शन्स’, ‘ट्रस्ट सेंटर’, ‘ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज’. ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’च्या तिन्ही टिका हव्यात. मॅक्रो, म्हणजे फाईलच्या आत चालणारे छोटे प्रोग्राम, ‘सूचना देऊन बंद’वर. इंटरनेटवरून आलेल्या फाईलींचे मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपणहून अडवायला सुरुवात केली, तिथे लाल पट्टी येते. फाईल पाठवणारा ही पट्टी कशी घालवायची ते समजावून सांगत असेल तर तेवढ्यावरच फाईल डिलीट करा.

ऑफिस २०१६ आणि २०१९ दोन्हींचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज १० चा नियमित सपोर्टही त्याच दिवशी. नवं घ्यायला पैसे नसतील तर लिब्रे ऑफिस फुकट आहे आणि त्याचे मेनू मराठीतही मिळतात. त्याचे अपडेट मात्र लक्ष ठेवून घ्यावे लागतात.

पाचवं काम: विंडोजच्या तीन सवयी बदला

फाईलचं पूर्ण नाव दिसू द्या. विंडोज शेपूट लपवतं, त्यामुळे ‘नोटीस’ या नावापुढे पीडीएफ आणि त्याच्याही पुढे ईएक्सई (प्रोग्राम) किंवा एलएनके (शॉर्टकट) असं दुहेरी शेपूट असेल तर आपल्याला पहिलंच दिसतं. फाईल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’, ‘शो’, ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’. शॉर्टकटचं शेपूट तरीही दिसत नाही, म्हणून चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा बाण असलेली ‘पीडीएफ’ कधीच उघडू नका.

प्रीव्ह्यू पेन बंद करा, ऑल्ट आणि पी. उजवीकडे फाईलचं पान दिसतं ते सोयीचं असतं खरं, पण दाखवण्यासाठी ती वाचावीच लागते. २००९ च्या त्या जेबिग-टू दोषाच्या वेळीच दिसून आलं होतं की फाईल न उघडता, नुसतं फोल्डरमध्ये तिच्यावर क्लिक केलं तरी दोष जागा होतो. २०२२ मध्ये फॉलिना नावाने गाजलेला दोष आरटीएफ फाईल नुसती प्रीव्ह्यूत दिसली तरी चालायचा. मे अखेरीस तो उघड झाला, दुरुस्ती १४ जूनला.

तिसरी गोष्ट पेनड्राइव्हची. नेटवरून उतरवलेल्या फाईलला विंडोज एक अदृश्य शिक्का मारतं, ‘ही बाहेरची’. त्या शिक्क्यावरूनच पिवळी पट्टी, लाल पट्टी वगैरे ठरतं. पण बहुतेक पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात, त्या फॅट-३२ किंवा एक्स-फॅटमध्ये हा शिक्का टिकत नाही. मेलवरून आलेली फाईल पेनड्राइव्हवर टाकून शेजारच्या मशीनवर नेली की ती घरचीच होऊन जाते, पट्टी येतच नाही. त्यामुळे फाईल न्यायचीच असेल तर मेलने किंवा गूगल ड्राइव्हवरून न्या.

आणि रोजचं काम अ‍ॅडमिन खात्यावर करू नका. एक साधं खातं बनवा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड मालकाकडे.

अपडेटचा बुधवार

मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आणि अ‍ॅडोबीही सहसा तोच दिवस धरते. अमेरिकेतली ती सकाळ म्हणजे आपली मंगळवारची रात्र. म्हणून आपल्याकडे त्यानंतरचा बुधवार सकाळचा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारा खुणा आधीच करून ठेवा. त्या दिवशी विंडोज अपडेट, रीडरमध्ये ‘हेल्प’ आणि ‘चेक फॉर अपडेट्स’, ब्राउझर बंद करून पुन्हा चालू. चहा होईपर्यंत संपतं.

रीडर आपोआप अपडेट होत नसेल तर ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘अ‍ॅडोबी अ‍ॅक्रोबॅट अपडेट सर्व्हिस’ बंद केलेली आहे का बघा. ‘मशीन फास्ट करून देतो’ म्हणणारे तंत्रज्ञ सर्वात आधी हीच बंद करतात. ती बंद करून वाचणारा वेळ डोळ्यांना दिसतही नाही.

फाईल संशयास्पद आहे, पण बघणं भाग आहे

असं होतं. नोकरीचा अर्ज असतो, परगावचं टेंडर असतं. विंडोज प्रो असेल तर ‘विंडोज फीचर्स’मधून विंडोज सँडबॉक्स चालू करा. होममध्ये तो मिळत नाही. एक कोरं विंडोज वेगळ्या चौकटीत उघडतं, आत फाईल बघायची, चौकट बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं. पत्रकारांसाठी बनवलेलं डेंजरझोन नावाचं फुकटचं साधन याच्याही पुढे जातं. ते प्रत्येक पानाचं नुसतं चित्र बनवून त्या चित्रांची नवी पीडीएफ देतं, मूळ फाईलमधल्या कोणत्याही सूचना उरत नाहीत.

पासवर्ड लावलेल्या पीडीएफचं वेगळं आहे. मेल तपासणाऱ्या अँटीव्हायरसला तिच्या आत बघता येत नाही. बँकेचं स्टेटमेंट तसं येतं, ते ठीक. पण अनोळखी मेलमध्ये पीडीएफ आणि खालीच तिचा पासवर्ड लिहिलेला असेल, तर पासवर्ड तुमच्या गोपनीयतेसाठी लावलेला नाही.

व्हायरसटोटलसारख्या ठिकाणी फाईल चढवून तपासता येते, पण चढवलेली फाईल इतर संशोधकांना मिळू शकते. अशिलाची कागदपत्रं, कोणाचं आधार तिथे टाकू नका. ऑनलाइन कन्व्हर्टरांबद्दलही तेच.

फोनवर जास्त काही करायचं नाही. सिस्टीम अपडेट आणि जाहिराती दाखवणारे पीडीएफ अ‍ॅप काढून टाकणं. मात्र लग्नपत्रिका किंवा चलान म्हणून आलेल्या फाईलच्या शेवटी एपीके असेल तर ती पत्रिका नाही, अ‍ॅप आहे. तिला रीडरमधला दोषही लागत नाही, ती तुमच्याच बोटाने परवानगी घेते.

उघडलीच तर

रीडर उघडून लगेच मिटला, क्षणभर काळी चौकट चमकली, किंवा नोटीस म्हणून आलेल्या फाईलमध्ये भलतंच काही निघालं, तर आधी नेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा. मशीन बंद करू नका, चालू राहू द्या. फाईल आणि मेल डिलीट करू नका, तपासणाऱ्याला त्याच लागतात. वेळ कागदावर लिहा. ऑफिसातली सामायिक फोल्डरं इतर मशीनांवरून तोडा. मग दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला आणि ईमेलमधून सगळीकडचं लॉगिन बाहेर काढा. पैसे गेल्याचं दिसलं तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, बाकीचं नंतर. ऑफिसातल्या कोणी चुकून दाबलं असेल तर त्याच्यावर ओरडू नका. मागच्या खेपेला जिच्यावर ओरडा पडला होता त्या मुलीने या वेळी दोन दिवस कोणाला सांगितलंच नव्हतं.